पदरामागचं तोंड

पिंपळगाव रेणुकाईच्या गिरिजाबाईला सगळे चांगली सून म्हणत. चांगली सून म्हणजे काय, तर सासऱ्यापुढे जिचं तोंड दिसत नाही ती. लग्नाला बारा वर्षं झाली तरी सासऱ्यांनी, रखमाजींनी, तिचे ओठ पाहिले नव्हते. बोलायचं झालं तर दाराआडून, पदर दातात धरून. त्याच घरात तिची बेबीनंदा जन्मली, ठार बहिरी.

चौऱ्याहत्तर साली, पोरगी सात वर्षांची असताना, नवऱ्याने, सर्जेरावने, तिला जालन्याच्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत घातलं. राहणंही तिथेच. हातवाऱ्यांना बंदी. बोलणाऱ्याचे ओठ बघून शब्द ओळखायचा आणि गळ्यावर हात ठेवून आवाज काढायचा. दिवाळीपर्यंत तिला अकरा शब्द आले. सुट्टीहून परतली तेव्हा तीन उरले होते. शाळेतल्या बाईंनी पुन्हा वाढवले, संक्रांतीला घरी नेली, पुन्हा गळाले. मोठ्या सरांनी सर्जेरावला बजावलं, "उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर तपासू. असंच असेल तर घेऊन जा. एका जागेसाठी वीस पोरं थांबलीत."

एप्रिलात पोरीला न्यायला गिरिजाबाई स्वतः आली. शिकवणाऱ्या प्रभावतीबाईंनी विचारलं, "घरी हिच्याशी कोण बोलतं?"

"मीच की." खोलीत शिपाई होता, म्हणून पदर दातातच.

प्रभावतीबाई बघत राहिल्या. "घरीही असंच बोलता?"

"मामंजी वसरीवरच असतेत दिवसभर."

"अहो, मग पोरीने काय तुमच्या लुगड्याचे काठ वाचायचे?"

गिरिजाबाईला समजायला वेळ लागला नाही. वेळ लागला तो पदर सोडायला. चार दिवस तिने चुलीपाशी, गोठ्यात, चोरून शिकवलं. तेवढ्याने भागेना. पाचव्या दिवशी रखमाजी ओसरीवर पान लावत असताना ती बेबीसमोर बसली, तोंडावरचा पदर काढला आणि म्हणाली, "पाणी." रखमाजींनी मान फिरवली. संध्याकाळी ते धाकट्या मुलाकडे, धर्मराजकडे, जेवायला गेले आणि तिथेच राहिले.

"गाव हसून राह्यलंय," सर्जेराव म्हणाला. "म्हाताऱ्याला घराबाहेर काढलं म्हणतेत."

"मंग तुमी शिकवा. तुमच्या तोंडावर कुठंय पदर?"

तो बैल सोडून निघाला. त्याला दिवसभर शेत होतं, हेही खरंच.

दीड महिना तिने एकटीने रेटलं. विहिरीवर तिच्याशी कुणी बोलेना. आणि पोरगी? एखाद्या दिवशी "पाणी" स्वच्छ, एखाद्या दिवशी नुसता घोगरा आवाज. एकदा गिरिजाबाईने तिला चापट मारली आणि मग स्वतःचंच मनगट चावत बसली.

जूनमध्ये मोठ्या सरांनी पोरीला समोर उभं केलं. "तुझं नाव काय?"

सरांच्या मिशा वरचा ओठ पार झाकून खाली उतरलेल्या. बहिऱ्यांच्या शाळेचा मुख्याध्यापक आणि असल्या मिशा! आजवर कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, सरांच्या तर नाहीच. बेबी त्यांच्या कपाळाकडे बघे, हातांकडे बघे. सरांनी पुन्हा विचारलं आणि वही मिटली.

परक्या पुरुषासमोर गिरिजाबाईचा पदर आपसूक तोंडावर गेला होता. तो तिने ओढून काढला. "बेबे, इकडं बघ. तुजं नाव काय?"

"बे... बी," पोरगी म्हणाली. घोगरं, पण कळण्याजोगं.

"आईचं सवयीने ओळखते," सर म्हणाले.

"आईचं तोंड दिसतं म्हणून ओळखते," प्रभावतीबाई म्हणाल्या. "तुमचं दिसत नाही, सर."

शिपाई खाली बघून हसला. सर हसले नाहीत. वही उघडून त्यांनी शेरा लिहिला. "दिवाळीपर्यंत ठेवतो. त्या सुट्टीत शब्द गळाले, तर पुन्हा माझ्याकडे येऊ नका."

गिरिजाबाई एकटीच गावी परतली. एसटीतून उतरली तर रखमाजी पारावर बसलेले. पोरगी जवळ नव्हती; तोंड दाखवायचं काही कारण नव्हतं. झाकलं असतं तर म्हातारा त्याच दिवशी घरी जेवायला आला असता. पदर हातात आलाही. पण आज झाकलं तर दिवाळीत पुन्हा काढायचं बळ कुठून आणायचं, ते तिला ठाऊक नव्हतं.

"राह्यली पोरगी, मामंजी," ती उघड्या तोंडाने म्हणाली. "दिवाळीपर्यंत."

रखमाजींनी उपरणं झटकलं आणि ते धर्मराजच्या घराकडे चालू लागले.