बिनमाणसांची घरं

ताई चित्रं काढायची ती फक्त घरांची, आणि तीही एकाच वळणाची: सपाट छत, उघडं काँक्रीट, भिंतभर काच, नक्षीच्या नावानं शंख. तिचे वडील वास्तुरचनाकार होते. उमेदीच्या काळात त्यांनी अशी काही घरं बांधली होती. नवे मालक ती एकेक करून पाडायला लागले, तशी ताई तिथं जाऊन रंगाचे पोपडे, पडद्याच्या चिंध्या, भिंतीचे कागद उचलून आणायची आणि चित्रात चिकटवायची.

"लोक कचरा बाहेर टाकतात, आमच्याकडे उलटी गंगा," नवरा म्हणायचा. पण चिकटवायला खळ तोच शिजवून द्यायचा.

आई गेली आणि वडिलांनी बांधलेलं राहतं घरही विकलं गेलं. वडील तर कधीचेच गेले होते. त्यांनी काढलेले घराचे जुने फोटो ताईनं कापले, जुळवले, वर रंग चढवला. एवढं मोठं चित्र तिनं आजवर केलं नव्हतं. धाकटा भाऊ बघायला आला.

"हुबेहूब गं. पण आई कुठाय?"

"फोटोतच नाहीये."

"एकातही?"

उरलेले फोटो दोघांनी पुन्हा चाळले. एकातही नव्हती. कॅमेरा लावला की बाबा म्हणायचे, "जरा बाजूला हो, रेष मोडतेय." मग आई वाळत घातलेले कपडे गोळा करून मागच्या दारी जाऊन उभी राहायची. ते सपाट छत गळायचं, तेव्हा घरभर भांडी मांडत फिरायची तीही तीच.

ताईनं फोटो खाली ठेवले. "मी तरी काय वेगळं केलं रे? इतकी घरं काढली, एकातही माणूस नाही."

तिनं स्वयंपाकघराच्या खिडकीत आई रंगवायला घेतली. चेहरा काही केल्या उमटेना. येई तो दवाखान्यातला, सुकलेला. दर वेळी खरवडून टाकावा लागे. भिंतींच्या सावल्या तिला पाठ होत्या, पण आई ओट्यापाशी उभी कशी राहायची, ते आठवेना.

"अशी," भाऊ म्हणाला. पाठ वळवून, एका पायावर भार देऊन, कमरेवर हात ठेवून तो उभा राहिला. "तू तेव्हा बाबांच्या टेबलापाशी असायचीस."

त्याच्याकडे बघत ताईनं आई काढली, पाठमोरी. भाऊ हलला नाही. त्याचे खांदे मात्र मधूनच हलत होते. ते थांबेपर्यंत ताई ब्रश हातात धरून वाट बघायची.