नवस फेडण्याची सोय

"असं काही त्या गेममध्ये नाहीच आहे, आई!"

"नाही कसं? नऊ वर्षं फेडतेय मी."

"काय फेडतेयस?"

"नवस!"

वेदांतने लॅपटॉपवरचे हात उचलले आणि छताकडे पाहिलं. वरच्या मजल्यावर कुणीतरी पलंग सरकवला, तेवढाच आवाज. शनिवारची सकाळ, दिल्लीजवळच्या इंदिरापुरममधला सातवा मजला, टेबलावर पोह्यांच्या रिकाम्या बशा आणि त्या बशांच्या मधोमध हेमलताबाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलेली टिप्पणी. हो, टिप्पणीच. चार फुलस्केप, डावीकडे ऐसपैस समास, वर 'विषय : देवांच्या जुन्या गेमची नवी आवृत्ती, सूचना' आणि खाली ओळीने एकतीस मुद्दे. त्यातला पहिला : 'नवस फेडण्याची सोय आहे तशीच ठेवावी.'

"बाकीचे तीस मी जसेच्या तसे भरतो," वेदांत समजावणीच्या सुरात म्हणाला. "समुद्राचा आवाज तोच ठेवा, भरतो. हत्ती इतके पळवू नका, हत्ती आहेत ते, भरतो. गडीमाणसं रिकामी उभी राहिली की घंटा वाजवा, बिल्कुल, मस्त पॉइंट आहे. पण हा पहिला? टीम हसेल यार."

"यार कुणाला म्हणतोस?"

"सॉरी."

"हेमा, पहिला मुद्दा सोडू नकोस हं," खिडकीशी पेपर वाचत बसलेले दिनकरराव पेपराच्या आडूनच बोलले. "पहिला गेला की उरलेल्या तिसांचं नुसतं जोडपत्र होतं."

"बाबा, प्लीज! बारा वाजेपर्यंत पाठवायचंय मला."

वेदांत नोएडाच्या सेक्टर त्रेसष्टमध्ये एका गेम बनवणाऱ्या कंपनीत होता. परदेशातल्या मूळ कंपनीने तो जुना देवांचा गेम नव्याने करायचं मनावर घेतलं होतं आणि जुन्या खेळाडूंच्या इच्छा गोळा करायचं काम नोएडाच्या गळ्यात टाकलं होतं. फॉर्ममध्ये दोन रकाने : 'होतं, ते टिकवा' आणि 'नव्हतं, ते आणा'. वेदांतने मित्रांना फोन केले. कुणी कॉलेजातच खेळणं सोडलेलं, कुणाला हत्ती तेवढे आठवत होते. नऊ वर्षं खंड न पाडता तो गेम खेळलेलं एकच माणूस त्याच्या ओळखीत निघालं, आणि ते घरातच पोह्यांना कांदा चिरत होतं.

हेमलताबाईंच्या हाती हा गेम आला तोच मुळी जप्तीतून. तेव्हा ही मंडळी दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायची. बाई मंत्रालयात आवक-जावक विभागात, दिनकरराव दुसऱ्या मंत्रालयात. वेदांतच्या अभ्यासासाठी म्हणून कॉम्प्युटर घेतला आणि अभ्यास सोडून त्यावर सगळं झालं. दोन हजार चारच्या जानेवारीत, बारावीची परीक्षा दोन महिन्यांवर आली असताना, बाईंनी ती सीडी यंत्रातून काढली आणि पुरणयंत्राच्या खोक्यात दडवली. दिल्लीत वाढलेल्या मुलाला पुरणयंत्र कोणतं हेच ठाऊक नव्हतं, त्यामुळे जागा अगदी सुरक्षित होती.

पुढच्या आठवड्यात वेदांत क्लासला गेला असताना बाईंनी सीडी बाहेर काढली. एवढं काय आहे यात, बघावं तरी! चहा ठेवून बसल्या. चहा आटला, पातेलं करपलं, वेदांत परत येऊन दार वाजवायला लागला, तेव्हा कुठे बाई उठल्या.

त्यांना त्यातलं सगळं ओळखीचं वाटलं. देव ग्रीक होते, पण रागलोभ आपल्याच देवांसारखे. माणसं देवळात उभी करून ठेवली की कृपा साचत जायची. कोठार भरा, तट बांधा, रसद राखा. वेदांतला रसद, वेढा, बुरूज हे शब्द आले तेसुद्धा आईच्या खेळातून. सुट्टीत होस्टेलवरून आला की आईमागे उभा राहून म्हणायचा, "आई, रसद संपली बघ तुझी!"

आणि वीज. सगळ्यात मोठ्या देवाची वीज. पहिल्यांदा शत्रूचे हत्ती वेशीपर्यंत आले, बाईंनी घाबरत घाबरत ती मागितली, आणि कडाड! हत्ती जागच्या जागी कोळसा. बाईंनी पडद्यासमोर हात जोडले. मग जिथे दाबून वीज मागायची ते विजेचं चित्र करडं पडलेलं दिसलं. म्हणजे देवाने आपलं काम केलं, आता आपली पाळी. माहेरी, मिरजेला, मागितलेलं मिळालं की आधी फेडायचं, मग पुढचं मागायचं, ही रीत. बाईंनी दोन गडी लावून वेशीजवळ एक देऊळ बांधायला घेतलं. शेवटचा दगड बसतो न बसतो तोच विजेचं चित्र झळकलं! दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्याही. मग शंकेला जागाच उरली नाही. तेव्हापासून बाईंच्या गावात सैनिक कमी आणि देवळं चौदा.

आता तो जुना कॉम्प्युटर कोपऱ्यात धापा टाकत होता. पंखा घरघरायचा, पडदा मध्येच काळा व्हायचा, आणि नव्या यंत्रावर सीडी चालत नव्हती. नवी आवृत्ती निघाली तरच बाईंचं गाव राहणार होतं, आणि त्या गावात नवस नसेल तर ते गाव बाईंचं नव्हतं. म्हणून तो मुद्दा पहिला.

"बरं," वेदांत म्हणाला, "मी तो दुसऱ्या रकान्यात टाकतो. 'नव्हतं, ते आणा.' खुश?"

"मुळीच नाही! नवीन प्रस्ताव म्हणजे फाइल बुडाली. चालत आलेलं चालू ठेवा म्हटलं की डोळे मिटून सही होते. बत्तीस वर्षं हेच बघितलंय."

"पण चालत आलेलं नाहीये ना ते! वीज आपोआप परत येते. चार मिनिटांनी. प्रत्येकाची. मीही मारायचो, मी कुठे देवळं बांधली?"

"तू हरायचास."

पेपरामागून दिनकरराव खदखदले.

"चल," वेदांत उठला. "करून बघू. तू वीज टाक आणि काहीही बांधू नकोस."

जुना कॉम्प्युटर सुरू झाला. बाईंनी वीज टाकली. दिनकरराव मनगटावरचं घड्याळ घेऊन मागे येऊन उभे राहिले. "मी वेळ लावतो."

पहिलं मिनिट बरं गेलं.

"ते दोन गडी मोकळेच आहेत रे," बाई पुटपुटल्या.

"राहू देत."

"दगडही आहे."

"आई, माउसला हात नाही लावायचा."

"देऊळ नाही बांधत. नुसता पाया."

"आई!"

"तीन मिनिटं," दिनकरराव म्हणाले. बाईंनी हात मांडीखाली दाबून धरले. गावात एक बकरी चरत होती. मोकळे गडी पाय बदलत उभे होते.

"चार. आणि दहा सेकंद…"

विजेचं चित्र झळकलं.

वेदांतने आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. जुन्या फाइलमध्ये चूक सापडावी आणि खाली सही आपलीच निघावी, तशा बाई पडद्याकडे बघत होत्या.

"म्हणजे देऊळ बांधायला लागतो तेवढाच वेळ तिला यायला लागत होता."

"हो."

"आणि मला वाटलं…" आणि बाईंना हसू फुटलं. थांबेचना. डोळ्यांतून पाणी आलं, चष्मा काढावा लागला.

"नऊ वर्षं फुकटात बांधकाम खातं चालवलंस की," दिनकरराव म्हणाले.

"गावं किती देखणी झाली पण, अहो!"

वेदांत लॅपटॉपकडे वळला. जरा घुटमळला. "आई, मी टाकतो पहिल्याच रकान्यात. कोण चेक करतंय?"

"खबरदार!" बाईंनी चष्मा चढवला. "नसलेलं 'होतं' म्हणून लिहायचं? एक खोटा आवक क्रमांक टाकला नाही मी उभ्या नोकरीत." टिप्पणी ओढून त्यांनी 'आहे तशीच ठेवावी' यावर सरळ रेघ मारली आणि वर लिहिलं, 'नव्याने करावी'. शेजारी बारीक सही.

"पण फाइल बुडाली तर?"

"बुडू दे. रीतसर बुडू दे. घे, औचित्य लिही, कशासाठी हवं ते. 'मागितलेलं मिळाल्यावर खेळणाऱ्याला काही द्यावंसं वाटतं. ते द्यायला गेममध्ये जागा असावी.'"

वेदांतची बोटं थांबली. "नवसला इंग्रजीत काय लिहू?"

"नवसच लिही. नाही कळलं तर विचारतील. विचारलं म्हणजे वाचलं."

पावणेबाराला एकतीसच्या एकतीस मुद्दे गेले. नवस पहिला. वेदांतने हात ताणून आळस दिला. "गेलं, आई. पावती पण आली."

"सरक जरा," म्हणत बाईंनी जुन्या कॉम्प्युटरचा माउस हातात घेतला. पाय बदलत उभे असलेले दोन गडी त्यांनी वेशीजवळच्या मोकळ्या जागेवर पाठवले. ठक, ठक, दगड बसायला लागले.

"आता कशाला?" वेदांत खुर्चीतून वाकून बघत म्हणाला. "कळलं ना तुला, नाही बांधलं तरी काही होत नाही? मग?"

"मघाशी वीज मिळाली ना?" बाई म्हणाल्या आणि पायाचे दगड पुरे बसेपर्यंत थांबल्या. मग खुंटीवरची भाजीची पिशवी घेतली, चपला सरकवल्या आणि दार ओढून घेऊन लिफ्टकडे निघून गेल्या.