मास्तरांच्या पायाखालचा ब्रेक

आमचे भावोजी दारू पिऊन कधीच गाडी चालवत नसत. हे ते स्वतः इतक्यांदा सांगत, की ऐकणाऱ्याला वाटावं, यांचं एखादं मेडल कुठेतरी अडकून पडलंय. कुणाच्या घरी जेवायला बोलावलं, की हातात ग्लास धरून सुरू व्हायचे. "आपण घेतो. लपवत नाही. पण घेतल्यावर स्टिअरिंगला हात लावणार नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व." चारचौघे माना डोलवायचे आणि माझी ताई, म्हणजे त्यांची बायको, नवऱ्याकडे अशी बघायची की जणू तत्त्व तिनेच इस्त्री करून दिलं होतं.

गंमत अशी की ते खोटं बोलत नव्हते. घेतल्यावर ते स्टिअरिंगला हात लावत नसत, दुसऱ्याला लावायला लावत. भावोजींची मोटार ड्रायव्हिंग स्कूल होती.

मी तिथे अकरा वर्षं टेबलावर बसले. दोन खोल्या. पुढच्या खोलीत माझं टेबल, चार खुर्च्या आणि रस्त्यावरच्या खुणांचा एक तक्ता, ज्यावरच्या 'थांबा'चा लाल रंग उन्हाने गुलाबी झाला होता. मागच्या खोलीत भावोजींचा आडवं पडायचा कोच, पाण्याचं पिंप आणि भिंतीला टेकवलेले दोन जुने टायर. फॉर्म भरायचे, फोटो चिकटवायचे, कुणाचा तास किती वाजता ते वहीत लिहायचं, हे माझं काम. भावोजींना सगळं गाव मास्तर म्हणायचं. अशा माणसाला मास्तर म्हणायची लाज मास्तरकीच्या धंद्याला वाटायला हवी होती, पण ती आम्हा कुणालाच वाटली नाही.

शिकवायची गाडी एकच, पांढरी. शेजारच्या सीटखाली दुसरा ब्रेक होता, शिकवणाऱ्यासाठी. शिकाऊ माणसाचा पाय चुकतोच, म्हणून तो असतो. पहिल्या दिवशी प्रत्येकाला मास्तर तोच डायलॉग ऐकवायचे. "घाबरायचं नाही. ब्रेक माझ्या पायाखाली आहे." बायामाणसं तर या एका वाक्यावर निम्मी गाडी शिकायची.

त्या ब्रेकला त्यांनी एक घंटी जोडून घेतली होती. दाराची जुनी घंटी होती, खरखरीत आवाजाची. मास्तरांनी पाय दाबला की ती वाजे आणि रस्त्यावरच्या सगळ्यांना कळे की शिकणाऱ्याने घोळ घातलाय. चौकातले दुकानदार हसत. भाजीवाली ओरडून विचारी, "आज कितवी?" परीक्षेआधी घंटी वाजता कामा नये, असा मास्तरांचा दंडक. दुसऱ्याची चूक चव्हाट्यावर वाजवायची हौस या माणसाला पहिल्यापासून होती.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला मास्तर मागच्या खोलीत जात. गाडीतली प्रथमोपचाराची पेटी 'तपासायला' सोबत नेत. पेटीत बँडेज होतं, कापूस होता, आयोडिनची बाटली होती आणि तिच्या शेजारी दुसरी बाटली होती. बाहेर येताना तोंडात बडीशेप. मग साडेपाच आणि साडेसहाचा तास. शिकणारा चालवतोय, मास्तर शेजारी डोळे अर्धवट मिटून बसलेत, आणि दुसऱ्या तासाच्या शेवटी गाडी बरोबर आमच्या ताईच्या दारात उभी. म्हणजे विद्यार्थी फी देऊन मास्तरांना घरी सोडत होते. याला ते सराव म्हणत.

मला माहीत होतं का? नाक होतं मला.

आणि मी काय केलं, तर सोय केली. संध्याकाळच्या तासाला मी नवखी माणसं घालत नसे. ज्यांचा हात जरा बसलाय, जे घाबरत नाहीत, ज्यांच्यासाठी घंटी वाजवायला लागत नाही, अशी शहाणी माणसं मी संध्याकाळी टाकायची. मास्तरांनी कधी सांगितलं नव्हतं. टेबलावर बसून बसून मलाच ती पद्धत सुचली, आणि मला तिचा अभिमानही होता. अकरा वर्षं काही झालं नाही, ते माझ्या वहीमुळे, असं मी मनात म्हणायची. भावोजींना नावं ठेवताना माझी जीभ कात्रीसारखी चालायची. वहीत मात्र मी त्यांच्यासाठी जागा करून ठेवायची.

बेकरीवाल्या बाई आल्या तेव्हा पंचेचाळिशीच्या होत्या. नवरा गेल्यापासून बेकरी एकट्या चालवत होत्या आणि पावाचे ट्रे दुकानोदुकानी स्वतः पोचवायचे म्हणून गाडी शिकत होत्या. मनगटं दणकट, बोलणं कमी. सात तासांत एकदाही घंटी वाजली नाही. आठव्या तासाला मी त्यांना सकाळच्या सातवरून संध्याकाळच्या साडेसहावर टाकलं. त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं, सकाळी गर्दी आहे. सकाळी गर्दी नव्हती.

त्या संध्याकाळी उजेड चांगला होता. गाडी बाजाराच्या कोपऱ्यावर वळली आणि घड्याळवाले काका सायकल हाताने ढकलत रस्ता ओलांडत होते. कोपऱ्यावरच्या पाच फुटी दुकानात डोळ्याला भिंग लावून आयुष्यभर घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. बाईंना ते दिसले. गडबडीत त्यांचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलेटरवर पडला. नवशिक्याची चूक, जी रोज कुणी ना कुणी करतं आणि जिच्यासाठी शेजारी पगारी पाय बसवलेला असतो. "मास्तर," त्या ओरडल्या. मास्तरांची हनुवटी छातीला लागलेली होती. काका सायकलसकट भिंतीवर दाबले गेले आणि त्यांचा उजवा हात सायकलचं हँडल आणि भिंत यांच्यामध्ये सापडला.

मग लोकांनी पाहिलं, की मास्तर गाडीतून उतरले आणि प्रथमोपचाराची पेटी छातीशी धरून धावत सुटले. लोकांनी वाट करून दिली. कुणी म्हणालं, मास्तर म्हणजे खरा माणूस. पेटी घेऊन मास्तर काकांच्या शेजारून धावले, कोपरा वळले आणि थेट घरी गेले. काकांचा हात बेकरीवाल्या बाईंनी आपल्या ओढणीने बांधला.

पोलिसांनी नियमाप्रमाणे फुंकायचं यंत्र चालवणाऱ्याच्या तोंडाला लावलं. बाईंच्या तोंडाला. ज्या बाईने आयुष्यात पावाच्या पिठाशिवाय काही आंबवलं नव्हतं, तिला भर चौकात तीनदा फुंकायला लावलं. मास्तर दोन तासांनी आले. आंघोळ केलेली, शर्ट इस्त्रीचा, तोंडात बडीशेप. त्यांना फुंकायला कोण सांगणार, ते तर शेजारी बसले होते. त्यांनी शांतपणे जबाब दिला, की मी ब्रेक पूर्ण दाबला होता, पण बाईंनी ऐकलं नाही, बायकांचं हे असंच होतं. बाईंवर गुन्हा दाखल झाला.

खोटं बोलणाऱ्याने निदान आपली गाडी तरी आठवावी. ब्रेक दाबला म्हणाले आणि स्वतः बसवलेली घंटी विसरले. वीस वर्षं ती दुसऱ्यांच्या चुकांसाठी वाजलेली, आपल्यासाठीही ती वाजायला हवी होती, हे त्यांच्या डोक्यात आलंच नाही. भाजीवालीने इन्स्पेक्टरला सांगितलं, की साहेब, घंटी काही वाजली नाही. मग मास्तरांना आठवलं, की घंटी आठवडाभर नादुरुस्त होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई माझ्या टेबलाशी आली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. दुरुस्तीची वही माझ्याकडे असायची. गाडीचं तेल, टायर, दिवे, काय बिघडलं, कधी नीट केलं, सगळं तारखेवार. ताई खुर्चीत बसली नाही, उभ्यानेच बोलली. मागच्या सोमवारच्या तारखेखाली एक ओळ लिही, एवढंच तिचं म्हणणं होतं. घंटी बंद आहे. तीन शब्द.

"तो आत गेला तर माझं काय होईल, याचा विचार कर," ती म्हणाली.

"आणि त्या बाई आत गेल्या तर?"

"त्या चालवत होत्या ना," ताई म्हणाली. माझी सख्खी बहीण. लहानपणी माझ्या वाटणीचा मार खाणारी.

मला तिची चीड आली आणि कीवही. खोटं कशाला सांगू, मी पेन उघडलं. सोमवारच्या पानावर खाली एक ओळ रिकामी होती. शेजारीच तासांची वही उघडी पडली होती आणि तिच्यात माझ्याच अक्षरात लिहिलं होतं, बेकरी, आठवा तास, साडेसहा. मी पेनाचं टोपण लावलं. ताईला म्हटलं, तू घरी जा. ती गेली, आणि त्यानंतर माझ्याशी बोललेली नाही.

दुपारी पोलीस ठाण्याच्या आवारात त्या पांढऱ्या गाडीभोवती आम्ही पाच-सहा जण उभे होतो. दुरुस्तीची वही इन्स्पेक्टरच्या हातात होती, सोमवारची ओळ कोरी. मास्तर छाती काढून उभे. आपली घंटी नादुरुस्त आहे असं कालपासून सांगून सांगून त्यांना स्वतःलाही बहुतेक ते पटलं होतं. इन्स्पेक्टर शेजारच्या सीटवर बसले आणि पाय दाबला. घंटी अशी खणखणीत वाजली, की फाटकाबाहेरचा चहावाला डोकावला. इन्स्पेक्टरने पुन्हा दाबला. पुन्हा वाजली. मास्तर म्हणाले, "आज वाजतेय. कालपर्यंत वाजत नव्हती." तेव्हा एक हवालदार हसला, आणि मला वाटतं, मास्तरांचं मास्तरपण त्या हसण्यात संपलं.

शिक्षा काय व्हावी, यावर गावात महिनाभर चर्वितचर्वण चाललं. स्वतः दोन पेग लावून मोटारसायकलवर घरी जाणारे सगळ्यात जास्त तावातावाने बोलत होते. भर चौकात फटके द्या म्हणाले. काही साळसूद म्हणाले, चूक झाली बिचाऱ्याकडून. चूक बेकरीवाल्या बाईंकडून झाली. मास्तर रोज पाच वाजता ठरवून पीत होते, त्याला चूक कसली म्हणायची? माझं मत विचाराल तर तुरुंग हवाच, लायसन जन्माचं जायला हवं, आणि वर आणखी एक. काकांच्या उजव्या हाताची बोटं आता मिटत नाहीत. चिमटा धरता येत नाही, दुकान बंद झालं. शर्टाची बटणं त्यांची म्हातारी लावते, तिचे हात कापतात. मला वाटायचं, मास्तरांना रोज सकाळी सात वाजता तिथे पाठवावं. बटणं लावायला. शुद्धीवर असताना, जन्मभर.

हे मी एकदा काकांना बोलूनही दाखवलं. ते डाव्या हाताने चहा पीत होते. "नको," ते म्हणाले. "मला त्याचा हात अंगाला नको."

कोर्टात मी साक्षीला उभी राहिले. पेटीचं सांगितलं, पाच वाजताचं सांगितलं, बडीशेपेचं सांगितलं. मास्तर समोर बसून माझ्याकडे असे बघत होते, की जणू मीच घरात चोरी केलीय. मग त्यांच्या वकिलाने मोठ्या हुशारीने विचारलं, की एवढं सगळं माहीत होतं तर या बाईंना संध्याकाळच्या तासाला घातलं कुणी? त्याला वाटलं, मी कचरेन.

"मी घातलं," मी म्हटलं. "त्या चांगली गाडी चालवत होत्या म्हणून. मास्तर प्यायलेले असताना चालेल असा माणूस मी निवडून द्यायची."

 टाइप करणाऱ्या मुलाने ते शब्दन्‌शब्द उतरवलं.

बेकरीवाल्या बाई सुटल्या. मास्तरांना दोन वर्षांची कैद झाली आणि शिकवायचा परवाना कायमचा गेला. मला काहीच झालं नाही. कायद्यात वहीला कलम नाही.

बाहेर पायऱ्यांवर बाई चप्पल घालत होत्या. मी जवळ गेले. आपण खरं बोललो, आता या दोन बरे शब्द बोलतील, अशी हाव होती मला, कबूल करते. त्यांनी पट्टा नीट केला आणि सरळ उभ्या राहिल्या.

"त्या दिवशी मी तुम्हाला विचारलं होतं, सकाळचा तास का बदलला," त्या म्हणाल्या. "तेव्हा सांगितलं असतं तर मी गाडीत बसलेच नसते."

त्या पायऱ्या उतरून गेल्या. काकांच्या घरी रोज सकाळी पाव जातो, तो त्या स्वतः चालत नेऊन देतात. गाडीला त्यांनी पुन्हा हात लावलेला नाही.