एकोणपन्नासावं प्रथिन

प्रयोगशाळेत सगळे तिला मावशी म्हणायचे. वीस वर्षं ती एकच यंत्र सांभाळत होती. प्रथिनांचे बारीक तुकडे तोलायचे आणि पडद्यावर शिखरांची रांग काढायची, हे त्या यंत्राचं काम. कोणतं शिखर कोणत्या प्रथिनाचं हे विकतचं सॉफ्टवेअर ठरवायचं, आणि जी निम्मी शिखरं ओळखता यायची नाहीत ती कचरा म्हणून टाकून द्यायचं. मावशीला ते खटकायचं. रसायनशास्त्रात हात मुरलेला. कचरा इतका नेटका नसतो, हे तिला नुसत्या नजरेनं कळत होतं.

साहेबांकडे विषय काढला तर ते म्हणाले, आपण आपलं यंत्र बघावं, बाकीचं संगणकवाले बघतील.  घरी येऊन मावशीनं बँकेत प्रोग्रॅम लिहिणाऱ्या नणंदेला गाठलं.

"वहिनी, पंचेचाळिसाव्या वर्षी शिकणार?"

"मग काय, साठाव्या वर्षी शिकू?"

तीन वर्षांचे रविवार जेवणाच्या टेबलावर गेले. एका चुकलेल्या स्वल्पविरामापायी सबंध सकाळ वाया जायची, नणंद कपाळाला हात लावायची. पण टाकून दिलेली शिखरंही ओळखणारा प्रोग्रॅम उभा राहिला.

मग परीक्षाच आली. एका संस्थेनं बारा प्रयोगशाळांना बंद कुप्या पाठवल्या. प्रत्येकीत अठ्ठेचाळीस प्रथिनं. ती कोणती, ते फक्त संस्थेला ठाऊक. इतरांची मजल पस्तीसच्या पुढं गेली नाही. मावशीच्या प्रोग्रॅमनं एकोणपन्नास काढली. शेवटचं होतं मेंढीच्या लोकरीचं.

हसं होईल, तेवढं गाळा, असं साहेबांनी सुचवलं. लोकर आपल्याच प्रयोगशाळेतली तर नाही ना, हे बघायला मावशीनं इथली रिकामी कुपी यंत्रातून फिरवली, तीत लोकर नव्हती. मग नमुना आणखी तीनदा तपासला. दर वेळी मेंढी हजर.

"ते कुपीत आहे, साहेब. मी गाळणार नाही."

अहवाल तिच्या सहीनं गेला. पंधरा दिवसांनी संस्थेचा फोन आला. कुप्या भरणारा त्यांचा रसायनतज्ज्ञ आठवडाभर लोकरीचा स्वेटर घालून बसला होता, आणि त्यांनी राखून ठेवलेल्या कुप्यांतही तेच प्रथिन सापडलं होतं. तुमचा प्रोग्रॅम आम्हाला द्याल का, असं ते विचारत होते.

पुढच्या परिषदेत साहेबांनीच तिची ओळख करून दिली. हे प्रथिन गाळा म्हणणारा शहाणा मीच, हेही सांगून टाकलं. मावशी बोलून थांबली तेव्हा सभागृह उभं राहून टाळ्या वाजवत होतं, आणि मागच्या रांगेत नणंद शेजारच्या अनोळखी माणसाला अभिमानानं सांगत होती, "आमची वहिनी."