सोळा दिवसांची मजुरी

“मलइयो खायला पैसे आहेत तुझ्याजवळ. माझे फेडायला नाहीत.”

काकू चौकात उभ्या राहून हे बोलल्या. मोठ्यांदा. मी मोरीशी बसून पातेली घासत होते. समोर ओसरीवर नाशिककडचे यजमान चहा पीत बसले होते, सात-आठ माणसं. काशीत श्राद्धविधी करायला आली की ती या घरात उतरतात, काकूंचे पती, गुरुजी, त्यांचे विधी करतात आणि काकू त्यांना जेवू घालतात. त्या सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. माझे हात कोपरापर्यंत राखेने माखलेले होते.

झालं होतं एवढंच, की आदल्या दिवशी मुलीचा वाढदिवस होता. अकरावा. थंडीचे दिवस, चौखंबाच्या गल्लीत सकाळी मलइयोवाले बसतात. दुधाचा पिवळा फेस, वर पिस्ता. तोंडात घातला की विरतो. चाळीस रुपयांचा एक कुल्हड मी तिला घेऊन दिला. एकच. काकू देवळातून परत येत होत्या, त्यांनी पाहिलं. मी स्वतः एक चमचाही खाल्ला नव्हता. पण ते त्या चौकात सांगावंसं वाटलं नाही. खाल्ला असता तर काय झालं असतं?

यजमानांत एक पांढऱ्या मिशांचे गृहस्थ होते. बँकेतून रिटायर झालेले. त्यांनी कप खाली ठेवला आणि मला समजावून सांगितलं, “बाई, कर्ज असलं की डायरी ठेवावी. रोजचा खर्च लिहावा. हे असले बारीकसारीक खर्चच माणसाला बुडवतात.”

त्यांच्या बशीत दोन पेढे होते.

मी हात धुतले. उभी राहिले. काकूंना विचारलं, “दोन पितृपक्ष मी सोळा-सोळा दिवस राबले. ते वळते करून माझं मुद्दल किती राहिलं?”

काकू हसल्या. यजमानांकडे बघून हसल्या. “सेवेचे कुणी पैसे लावतं का गं? चाळीस हजार नेलेस, चाळीस राहिलेत.”

मग यजमानही हसले. बँकवाले गृहस्थ हसले नाहीत, ते पेढा खात होते.

मी कोण, ते सांगते. आमचे मूळ पुरुष कुणा सरदाराच्या पालखीपुढे मशाल धरून काशीत आले. सरदाराचं पुढे काय झालं माहीत नाही, आम्ही इथेच राहिलो. ब्रह्मा घाटाच्या वरच्या गल्ल्यांत मराठी घरं आहेत, आणि त्या घरांची भांडी घासणारे आम्हीही मराठीच. पण आमची मराठी मोरीपर्यंत. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला आजवर माझा पाय लागलेला नाही. मी घासलेली भांडी आत नेण्याआधी काकू त्यांच्यावर पुन्हा पाणी ओतायच्या. माझा चहाचा पेला कोनाड्यात वेगळा, कान तुटलेला. मला हे सगळं कित्येक वर्षं दिसतच नव्हतं. आता दिसतं आणि डोकं फिरतं.

नवरा टोटो चालवतो, बॅटरीवरची रिक्षा. त्या दिवसाच्या दीड वर्ष आधी श्रावणात मैदागिनजवळ गाडी उलटली आणि त्याचा पाय मोडला. पायात स्टीलची पट्टी टाकायला चाळीस हजार लागणार होते. काकूंनी दिले. शेकडा तीन, महिन्याला. माझा पगार तीन हजार, त्यातले बाराशे व्याजाचे कापून हातात अठराशे. गुरुजींनी कागद केला, माझी सही घेतली. वर काकू म्हणाल्या, “तुझी सासू पितृपक्षात सोळा दिवस सेवेला यायची. तूही ये. त्या दिवसांचे पैसे तुझ्या मुद्दलातून वळते करू.”

हे कागदावर लिहिलेलं नव्हतं. मी लिहा म्हटलं नाही. कसं म्हणणार? रोज पहाटे ज्या घरात वेद म्हटले जातात, त्या घरात खोटं बोलत नाहीत, असं सासूने मला शिकवलं होतं. तिला तिच्या सासूने. आठवीपर्यंत शिकलेली बाई मी, पाच रुपयांची कोथिंबीर घेतानासुद्धा घासाघीस करते. आणि तिथे मान हलवून आले. हा मूर्खपणा आमच्याच लोकांना जमतो.

पितृपक्षात त्या घरात रोज शंभर-सव्वाशे पानं उठतात. खिरीची पातेली, वड्यांच्या कढया, आमटीचे डेग. पहाटे पाचला बसायचं ते संध्याकाळी कंबर धरून उठायचं. बोटांची साल निघते. बदल्यात काय? उरलेलं अन्न आणि शेवटच्या दिवशी एक साडी. कुणा यजमानाने दानात दिलेली, काकूंना न आवडलेली. दोन वर्षं मी ते आंबट झालेलं वरण घरी नेलं आणि मनात म्हटलं, असू दे, मुद्दल उतरतंय.

उतरलं नव्हतं. एक रुपया उतरला नव्हता.

त्या दिवशी घरी जाताना मी दोनशे पानांची वही घेतली. हो, त्या बँकवाल्याचंच ऐकलं. त्याचा सल्ला बरोबर होता, म्हणून तर इतका झोंबला. पहिल्या पानावर मलइयो लिहिला, चाळीस रुपये. दुसऱ्या पानावर लिहिलं, पितृपक्ष, सोळा दिवस, आणि खाली पुन्हा, पितृपक्ष, सोळा दिवस. पुढे रक्कम लिहिली नाही. माझ्या एका दिवसाची किंमत काय, हेच मला माहीत नव्हतं.

थोडंथोडं मुद्दल घ्या म्हटलं तर काकू नाही म्हणाल्या. “एकरकमी आण. चिल्लर कोण सांभाळत बसणार?” मी थोडंथोडं फेडलं असतं तर व्याज कमी झालं असतं ना. म्हणजे व्याज चालू ठेवून चाळीस हजार वेगळे साठवायचे होते. समूहवाली दीदी, बचतगटाची, आली होती, म्हणाली आमच्याकडून लोन घे, त्यांचं देऊन टाक. मी नको म्हटलं. मला मालक बदलायचा नव्हता, मोकळं व्हायचं होतं.

पाच डबे केले. भाडं, गॅस, शाळा, औषध आणि पाचवा काकूंचा. मुलीने हिंदीत चिठ्ठ्या लिहून चिकटवल्या. पाचव्यावर तिने नुसतं “वो लोग” लिहिलं.

महिन्याचे पैसे आले की आधी पाचव्या डब्यात दोन हजार. मग बाकीचे डबे. आधी उलट करत होते, सगळं भागवून उरलं तर ठेवायचं, आणि उरत काहीच नव्हतं. भाजी रात्री आठनंतर, विश्वेश्वरगंजला ठेले आवरायला लागले की. वाटाण्याची सालं सोलून त्यांची भाजी केली. डाळ एक वेळ, दुसऱ्या वेळी सत्तू. कुकर एकदाच लावायचा, गॅस दोन महिने पुरवायचा. दोन फोनपैकी एक बंद. नवऱ्याची खैनी बंद झाली तेव्हा त्याने ताट भिरकावलं. म्हणाला, “तेरी काकू का गुस्सा मुझपे काहे निकालती है?” मी वही पुढे ठेवली. खैनीचे महिन्याचे साडेचारशे. त्याने ते पान दोनदा वाचलं. दुसऱ्या दिवसापासून दुपारी जेवायला घरी येऊ लागला, बाहेरची कचौरीही सुटली.

संध्याकाळी मी आणि मुलगी आरतीच्या वाती वळायचो. शंभराला सहा रुपये.

काटकसरीचं लोक फार कौतुक करतात. मला कुणी केलं तर अंगाचा तिळपापड होतो. साधी राहणी म्हणे! ज्याच्या फडताळात तुपाचे डबे आहेत त्याने एक वेळ जेवलं की ते व्रत. आम्ही एक वेळ जेवलो तर ती आमची लायकी. मुलीच्या शाळेची सहल सारनाथला गेली, दोनशे रुपये होते. तिने घरी कागदच दाखवला नाही. तो मला दप्तरात सापडला, तेव्हा म्हणाली, “रहने दो ना आई, पाहिलंय मी सारनाथ.” पाहिलं नव्हतं. अकरा वर्षांची पोर माझा खर्च वाचवायला खोटं बोलायला शिकली. हे मी त्या घराच्या खात्यावर लिहिलंय, आणि ते कुठल्याही रकमेने फिटणार नाही.

भाद्रपद आला. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी काकूंनी यादी सांगितली, कुठली पातेली माळ्यावरून काढायची ती. मी ऐकून घेतलं. मग म्हटलं, “काकू, या वर्षी सोळा दिवसांची मजुरी ठरवा. आणि कागदावर लिहा.”

“पितरांच्या कामाला पैसे मागतेस? जीभ झडेल तुझी.”

“मलाही पितर आहेत, काकू. ते याच मोरीत झिजले.”

गुरुजी आतून बाहेर आले. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याशी थेट बोलले. “वाद नको. करायचं असेल तर कर, नाहीतर जा.”

मी गेले. मागून काकूंचा आवाज आला, “परत पाऊल टाकू नकोस. आणि व्याज पहिल्या तारखेला दारात आणून द्यायचं!”

गल्लीत आले. तीन हजारांचं काम गेलं होतं. मंगला गौरीच्या पायऱ्यांवर बसले आणि रडले. रागाने रडले. मग उठून जवळच्या एका धर्मशाळेत गेले. तिथेही पितृपक्षाच्या पंगती असतात. मॅनेजर बिहारी, घाईत होता. मी काही विचारण्याआधीच म्हणाला, “पाँच सौ रोज, खाना अलग. अभी बैठ सकती हो?”

पाचशे रुपये रोज. इतकं सहज. त्याला माझं नाव माहीत नव्हतं, माझ्या सासूचं माहीत नव्हतं, सरदार नाही, पालखी नाही. त्याला भांडी घासून हवी होती आणि त्याची किंमत त्याला ठाऊक होती. त्या रात्री मी वहीचं दुसरं पान उघडलं. बत्तीस दिवस गुणिले पाचशे. सोळा हजार. आकडा लिहिताना पेन कागदात रुतलं.

पंधरवडा संपला तेव्हा पाचव्या डब्यात आठ हजार जास्तीचे पडले. धर्मशाळेने मला कायमची ठेवून घेतली, चार हजारांवर. देवदिवाळीला घाटांवर गर्दी लोटते, त्या आठवड्यात नवऱ्याने लंगडत्या पायाने दिवसरात्र टोटो चालवली. दर पहिल्या तारखेला मी बाराशे घेऊन काकूंच्या दारात उभी राहायचे. त्या मुद्दाम उशीर करायच्या. अर्धा तास, कधी तास. यजमान आत-बाहेर करायचे, मी भिंतीला टेकून उभी. एकदा काकूंनी नोट उजेडात धरून तपासली, खरी आहे का ते.

तेरा महिने लागले. चाळीस हजार झाले.

शिवरात्रीच्या गर्दीचे दिवस होते. पहिल्या तारखेला मी गेले, आणि दारात थांबले नाही. सरळ चौकात गेले. ओसरी यजमानांनी भरलेली होती. पैसे काकूंच्या हातात दिले. त्यांनी मोजले, गुरुजींनी पुन्हा मोजले. मी कागद मागून घेतला, त्यावर ‘सर्व रक्कम पोचली’ असं लिहून घेतलं, सही घेतली. तारीख घालायला ते विसरले होते, तीही घालून घेतली.

काकूंचा चेहरा एकदम मऊ झाला. “चला, सुटलीस. राग धरू नकोस गं. उद्यापासून ये कामाला. तुझ्यासारखं भांडं कुणी घासत नाही.” कोनाड्यात माझा पेला अजून तिथेच होता.

मी वही उघडली. दुसरं पान. सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. “दोन पितृपक्ष. बत्तीस दिवस. पाचशेप्रमाणे सोळा हजार. मुद्दलातून वळते करू, असं तुम्ही म्हणाला होतात. वळते केले नाहीत, मी पूर्ण फेडलं. म्हणजे हे तुमच्याकडे येणं आहे.”

कुणी हसलं नाही. गुरुजींनी मान खाली घातली. काकू म्हणाल्या, “काय पुरावा आहे?”

“तुम्हाला माहीत आहे,” मी म्हटलं. “व्याज लावलेलं नाही. पहिल्या तारखेला येईन.”

त्याला उद्या सहा महिने होतील. पाच वेळा जाऊन आले. पहिल्यांदा त्यांनी दार लावून घेतलं, तर मी पायरीवर बसले आणि येणाऱ्या प्रत्येक यजमानाला सांगितलं, मी कोण आणि कशासाठी बसले आहे. दुसऱ्यांदा साडी पाठवली. परत केली. मागच्या महिन्यात पाच हजार पुढे केले, “घे आणि मिटव.” मी नाही घेतले. कमी पैशांत कसं भागवायचं ते मला चांगलं येतं, तेरा महिने भागवलं आहे. माझ्या मजुरीत मी काटकसर करणार नाही.

नवरा म्हणतो, सोड, नाही देणार ते. नाही देणार, मलाही कळतं. पण भाद्रपद पुन्हा तोंडावर आला आहे. काकूंनी खालच्या गल्लीतली एक नवी मुलगी सेवेला ठरवली आहे, तिच्या बापाला वीस हजार व्याजाने देऊन. काल मी तिच्या घरी गेले. तिला एक वही दिली आणि पहिल्या पानावर माझ्या हाताने लिहून आले : एक दिवस, पाचशे रुपये.

उद्या पहिली तारीख आहे. आम्ही दोघी जाणार आहोत.