माउलीच्या घुमटीखाली

"बाबांनी संडासाची टाकी बांधली तेव्हा आत कोंबडी टाकली होती," एलादिओ म्हणाला. "मेलेली, पिसांसकट. त्यानंतर टाकीला हात लावावा लागत नाही, वहिनी. आतले किडे एकदा जागे झाले की आयुष्यभर बसून खातात."

"तुमच्यासारखे," ओदिलिया म्हणाली.

दीर स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. एका हातात खमिराचं पाकीट, दुसऱ्या हातात गुळाची ढेप. ओल्मान, म्हणजे तिचा नवरा, टेबलाशी बसून कॉफीच्या कपात बघत होता. न्हाणीघराच्या जाळीतून सकाळपासून काळं पाणी वर येत होतं आणि ओदिलिया ते खराट्याने ढकलून ढकलून थकली होती. हातातले रबरी मोजे तिने अजून काढले नव्हते.

"कोमट पाण्यात कालवायचं आणि संडासात ओतायचं," एलादिओ म्हणाला. "उद्यापर्यंत साफ."

"टाकी भरली आहे, एलादिओ. तिला भूक लागलेली नाही. ती उपसायला हवी. ट्रकवाल्याने काल फोनवर मला एकच विचारलं, झाकण कुठे आहे? उद्या सोमवारी तो यायला तयार आहे. मी त्याला काय सांगू? घर आमचं आहे पण टाकी कुठे आहे ते आम्हाला माहीत नाही?"

"संत्र्याखाली असणार."

"संत्र्याखाली मी गेला आठवडाभर खणतेय. संत्रं मरायला टेकलं. ओल्मान, तुम्ही काही बोलणार आहात का?"

"बाबांचं काम ते," ओल्मान कपाला म्हणाला. "बाबा गेले."

पुरिस्काल गावाकडच्या त्या कॉफीच्या डोंगरात नवरा-बायकोही एकमेकांना तुम्हीच म्हणतात. राग आला की तो शब्द जास्त ताठ होतो, एवढंच.

ओदिलिया शाळेच्या स्वयंपाकघरात मुख्य स्वयंपाकीण होती. काळ्या घेवड्याचा भात ती पातेल्याने नव्हे, घमेल्याने मोजायची. तिथल्या मोरीत तेलाचा थेंब गेला तर मदतीच्या बायकांची धडगत नसे. घरी मात्र तिचं कोणी ऐकायचं नाही. दर रविवारी एलादिओ तिच्याच चुलीवर डुकराची चरबी तळायचा आणि उरलेलं तेल तिच्याच मोरीत ओतायचा. संडासाचे कागद टोपलीत टाकायचे, भांड्यात नाही, हे लहान पोरालाही कळतं. पण घरी पाहुणे जमले की टोपली रिकामी आणि भांडं तुंबलेलं. मग निस्तरायला कोण, हे कोणी विचारतही नसे.

तिने मोजे काढले, हात कोपरापर्यंत साबणाने धुतले, दारामागची पहार उचलली आणि अंगणात गेली.

संडासाच्या भिंतीतून नळ बाहेर पडतो तिथे ती उभी राहिली. इतके दिवस ती दिराच्या बोटामागे धावली होती, ही तिची चूक. मैलापाणी उताराकडे जातं आणि नळ टाकणारा माणूस उगाच वळणं घेत नाही. भिंतीकडे पाठ करून ती सरळ चालू लागली. दोन पावलं टाकायची आणि पहार जमिनीत हलकेच रोवायची. माती, माती, मग खापरी नळाचा टणत्कार. पुन्हा माती. आणि मग समोर मारिया माउलीची घुमटी.

सिमेंटचा चबुतरा, त्यावर नदीतल्या गोट्यांची कमान, आत हातभर उंचीची निळ्या वस्त्रातली माउली, पायाशी फुलदाण्या. समोर गुडघे टेकायला रुंद पायरी. ओदिलियाने पहारेचं बोथट टोक पायरीवर आपटलं. आवाज पोकळ आला, रिकाम्या पिंपासारखा. तिने बाजूच्या फरशीवर आपटलं तर आवाज बद्द. पुन्हा पायरीवर आपटलं. पोकळ.

ती खाली वाकली. पायरीला आरपार तडा गेला होता, बोट जाईल एवढा. त्यातून तो वास येत होता.

तो वास ती ओळखत होती. सगळं घर ओळखत होतं. सासूबाई, हर्मेलिंदा, रोज संध्याकाळी जपमाळ घेऊन इथे बसायच्या आणि नाक मुरडून म्हणायच्या, "फुलांचं पाणी कुजलंय. माउलीच्या दारात एवढा आळस बरा नव्हे, ओदिलिया." मग ओदिलिया पाणी बदलायची. फुलं बदलायची. फुलदाण्या राखेने घासायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेजारणींनाही माहीत होतं, ओल्मानची बायको फुलांचं पाणी बदलत नाही.

तिने मागे वळून पाहिलं. ओल्मान दारात आला होता. त्याचा चेहरा पाहून तिला काही विचारायची गरज उरली नाही, तरी तिने विचारलं.

"तुम्हाला माहीत होतं."

"बाबांनी झाकण टाकलं तेव्हा मी मदतीला होतो," तो म्हणाला. "मग आपली लेक येंद्री व्हायच्या वेळी तुम्ही बाळंतपणाला माहेरी गेलात. तुमचं काही खरं नव्हतं तेव्हा. आईने नवस बोलला. मायलेकी दोघी वाचल्या तर माउलीची घुमटी बांधीन, तिच्या सणाच्या आत. पाऊस धो धो. पाया खणला की भरतोय पाण्याने. आणि इथे सरपणाच्या ढिगाखाली तयार सिमेंट होतं, सपाट."

"तयार सिमेंट."

"दोन दिवसांत मी ती उभी केली. आई रडली आनंदाने. मग मी काय सांगणार होतो?"

"वीस-बावीस वर्षांत एकदाही नाही? आई मला पाण्यावरून बोलायच्या तेव्हा तुम्ही इथेच तर बसलेले असायचात, या दगडावर, भोपळ्याच्या बिया सोलत."

ओल्मानच्या मागून एलादिओ पायरीपाशी आला. सगळं ऐकून तो हसायला लागला, आणि हसता हसता त्याने सिगारेट ओठात धरून काडेपेटी काढली. ओदिलियाने ती त्याच्या हातातून हिसकावली.

"या तड्याशी काडी ओढलीत तर तुम्ही आणि घुमटी दोन्ही आंब्यावर सापडाल. मागे व्हा."

तो मागे झाला, पण गप्प बसला नाही. त्याला एकदम सगळं सोपं वाटायला लागलं होतं. "झालं तर मग. माउलीला हलवायची गरजच नाही. बाजूने खड्डा खणू, टाकीच्या भिंतीला भोक पाडू. मी कमरेला दोर बांधून आत उतरतो, बादलीने उपसून देतो. ओल्मान दोर धरेल. दुपारपर्यंत काम फत्ते, आणि ट्रकचा खर्च वाचला."

"दोर मी धरतो," ओल्मान घाईने म्हणाला. बायकोच्या नजरेतून सुटायचा रस्ता त्याला दिसला होता.

ओदिलियाने पहार भिंतीला टेकवली.

"माझे मामेभाऊ आठवतात तुम्हाला? कॉफीच्या गिरणीच्या खड्ड्यात गेले ते? थोरला उतरला गाळ काढायला. शिडीच्या तळाशी पोचला आणि खाली बसला, दमल्यासारखा. ओरडला नाही, काही नाही. त्याला झोप लागली असं वाटून धाकटा हसत हसत उतरला. दोर दोघांच्याही कमरेला होता. मामाने दोघांना त्याच दोराने वर ओढलं, आणि दोघांचेही डोळे उघडे होते. आतल्या वायूला दर वेळी वास येतोच असं नाही, एलादिओ. माणसाला कळायच्या आत माणूस संपतो."

"ती गिरणी होती. हे आपल्या घरचं आहे."

"घरचं आहे म्हणून ओळख ठेवेल का?"

एवढ्यात सासूबाई काठी टेकत बाहेर आल्या. डोक्यावर पांढरा रुमाल, हातात जपमाळ. रविवारची प्रार्थना त्या चुकवत नसत. त्या सरळ पायरीकडे निघाल्या आणि ओदिलिया त्यांच्या आडवी उभी राहिली.

"बाजूला हो, पोरी. मला गुडघे टेकू दे."

"इथे नाही, आई. पायरी फुटलीय. खाली संडासाची टाकी आहे."

म्हातारीने मुलाकडे पाहिलं. ओल्मानने मान खाली घातली. तिने जपमाळ मनगटाला गुंडाळली. मग म्हणाली, "असली तरी माउलीने सांभाळलंय ना एवढी वर्षं? शुक्रवारी सण आहे. चाळीस माणसं येणार जपमाळेला. त्यांना काय सांगू, नवस मोडला? तुझ्यासाठीच तर बोलले होते मी. तू मरत होतीस."

हे खरं होतं, आणि ओदिलियाला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला. या घरात कुणी तिच्या जिवासाठी खरोखर रडलं असेल तर ही म्हातारी. त्या रडण्यावर मुलाने सिमेंट ओतलं, आणि सासू रोज संध्याकाळी आपले दुखरे गुडघे त्या पोकळ पायरीवर टेकत राहिली. शुक्रवारी तिच्याभोवती चाळीस माणसं दाटीवाटीने उभी राहिली असती, पोरंबाळं कडेवर घेऊन.

"नवस फिटला, आई," ती म्हणाली. आवाज तिने खाली आणला होता, पण तो मऊ झाला नव्हता. "मी जगले, येंद्री जगली. आता तुम्ही या खड्ड्यात गेलात तर मी कुणाकडे नवस बोलू?"

म्हातारी जागेवरूनच पुढे वाकली. तिने काठी उचलून पायरीवर एकदा आपटली आणि तो आवाज ऐकला. पुन्हा एकदा आपटली. मग ती वळली आणि व्हरांड्यातल्या खुर्चीत जाऊन बसली.

ओदिलियाने न्हाणीघरातून कपडे वाळत घालायची दोरी आणली. संत्र्यापासून आंब्यापर्यंत, आंब्यापासून भिंतीच्या खुंटीपर्यंत तिने ती ताणून बांधली, घुमटी आत आणि सगळे बाहेर. मग चबुतऱ्याच्या मागून, भक्कम जमिनीवर उभी राहून, हात लांब करून तिने माउलीला दोन्ही हातांनी उचललं. मूर्ती वाटली होती त्यापेक्षा हलकी होती. ती तशीच काखेत धरून ती व्हरांड्यात आली.

"आता ऐका," ती म्हणाली. "माउली माझ्या खोलीत राहील. शुक्रवारची जपमाळ बैठकीच्या खोलीत होईल, मावणार नाहीत ते रस्त्याच्या बाजूला उभे राहतील. उद्या ट्रक येईल, ओल्मान घुमटी स्वतःच्या हाताने उतरवतील, गोटे एकेक करून, बाहेरच्या बाजूने. टाकी ट्रकची नळी उपसेल, माणूस आत जाणार नाही. नवं झाकण बसेल आणि त्यावर या घरात पुन्हा काही बांधलं जाणार नाही. तोपर्यंत दोरीच्या आत कोणी पाऊल टाकायचं नाही, आणि संडासाला सगळ्यांनी एलादिओच्या घरी जायचं."