फसल्याशिवाय वाण नाही

"बस. आधी मी कशी फसले ते सांगते."

काकूंच्या घरी गेलं की पाण्याचा पेला हातात यायच्या आत हे वाक्य यायचं. आमच्या अंबरनाथ पश्चिमेच्या सोसायटीत फॅक्टरीतून निवृत्त झालेली साहेबमंडळी फार. त्यामुळे पाहुण्यांपुढे मांडायला प्रत्येकाकडे काहीतरी असतंच, कुणाकडे मुलाचं पॅकेज, कुणाकडे नवी कार. काकू पदराला हात पुसत समोर बसायच्या आणि आपली फसवणूक वाढायच्या, गरम गरम.

फसवणुकीत वैविध्य होतं. सोनिवलीची नवी इमारत 'नुसती बघायला' त्या फुकटच्या गाडीने गेल्या आणि टोकन देऊन परतल्या. "सँडविच मात्र छान होतं हं," हे सांगायला विसरायच्या नाहीत. पाणी शुद्ध करायचं यंत्र विकणाऱ्याने त्यांच्याच नळाच्या पाण्यात दोन तारा बुडवून पाणी चहासारखं करून दाखवलं, तेव्हा घाबरून त्यांनी यंत्र घेतलं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट लाइटबिलाची. रात्री लाइट कापणार असा मेसेज आला, फोनवरच्या गोड आवाजाच्या मुलाने मोबाइलवर काहीतरी डाऊनलोड करायला लावलं आणि काकांचं बचत खातं धुऊन नेलं. उल्हासनगरच्या कपडेवाल्याला मात्र त्या यात धरत नसत. त्याने आधीच सांगितलं होतं, "दीदी, ओरिजिनल नहीं, फर्स्ट कॉपी है." एवढा सरळ माणूस मला बँकेतही भेटला नाही, असं काकूंचं मत होतं.

हे सगळं चालू असताना काका पेपर तोंडासमोर धरून बसायचे. घरातलं बाहेर कशाला, एवढंच त्यांचं म्हणणं. काकू म्हणायच्या, बाहेरचाच घरात शिरला होता, त्याचं काय?

आम्ही त्यांच्या मागे हसायचो. तुम्हीही हसला असता. पण मोबाइलवर काही विचित्र आलं, की कोथिंबीर मागायच्या निमित्ताने त्यांच्याच दारात उभं राहायचो. काकू फार चौकशी करत नसत. एकच विचारायच्या, "तो 'कुणाला सांगू नका' म्हणाला का?" म्हणाला असेल तर चोर. लाइटबिलवाल्यानेही त्यांना तेच सांगितलं होतं, काकांना उगाच टेन्शन येईल म्हणून.

मग एका संक्रांतीला काकूंनी हळदीकुंकवाला फतवाच काढला. उखाणा नको, नवऱ्याचं नाव सगळ्यांना पाठ आहे. प्रत्येकीने आपण कुठे फसलो ते सांगायचं, मगच वाण. त्या वर्षी आमच्या सोसायटीत एकही बाई कधी फसलेली नाही असं निष्पन्न झालं. काकूंनी शांतपणे सगळी वाणं कपाटात ठेवून दिली. पुढच्या वर्षी स्टीलचे डबे होते, तेही चांगले जाड. मग एकेकीची स्मरणशक्ती परत आली.

नमल्या नाहीत त्या फक्त तिसऱ्या मजल्यावरच्या मिसेस. त्यांचे यजमान फॅक्टरीत तपासणी खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते आणि त्यांच्या हाताखालून कधी खोटा माल सुटला नाही, हे सोसायटीत सगळ्यांना ठाऊक होतं. ते ठाऊक राहावं याची ते स्वतः काळजी घेत. "आमच्याकडे असलं काही होत नाही," असं म्हणून मिसेस दरवर्षी हळदीकुंकू घेऊन, वाण न घेता जायच्या.

काकूंच्या शेवटच्या हळदीकुंकवाला मिसेसची पाळी आली. त्या नेहमीचं वाक्य म्हणतील म्हणून आम्ही पुढच्या बाईकडे वळलोसुद्धा होतो. मिसेस अगदी हळू म्हणाल्या, "आमच्याकडे चाललंय. पण सांगायची परवानगी नाही."

त्यांचे साहेब आदल्या दिवसापासून बेडरूममध्ये मोबाइलसमोर बसून होते. पलीकडे वर्दीतला माणूस. तुमच्या नावावर गुन्हा आहे, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कुणाला सांगायचं नाही. सकाळी बँक उघडली की फंडाचे सगळे पैसे 'तपासणीसाठी' पाठवायचे. शेजाऱ्यांना संशय येऊ नये म्हणून हळदीकुंकवाला जायची परवानगीही त्या वर्दीनेच दिली होती.

काकू उठल्या. तिळगुळाची वाटी घेतली आणि तिसऱ्या मजल्याकडे निघाल्या. त्यांच्या मागे आम्ही सगळ्या, काठपदराच्या साड्यांमध्ये.

साहेब इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत ताठ बसले होते. दाढी वाढलेली. आम्हाला बघून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. काकूंनी ते बोट बाजूला करून त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला. मग मोबाइलसमोर वाकल्या.

"तुम्हीपण गोड बोला, वर्दीवाले साहेब. बसा आता. मी कशी फसले ते सांगते."

आणि लाइटबिलाची गोष्ट त्यांनी मेसेजपासून सुरू केली. पलीकडचा ओरडला, "मॅडम, हटिए, सरकारी काम है." काकू थांबल्या नाहीत. त्यांच्या खांद्यावरून आम्ही सगळ्या मोबाइलकडे बघत होतो. गोड आवाजाच्या मुलापर्यंत गोष्ट आली आणि फोन कट झाला. काकूंची गोष्ट अर्ध्यावर सोडून जाणारा माणूस आम्ही पहिल्यांदाच पाहिला.

ते लोक परत फोन करतील, पकडायला येतील, असं साहेब पुन्हा पुन्हा म्हणत होते. "येऊ देत," काकू म्हणाल्या, "आम्ही इथेच आहोत." तो नंबर पोलिसांना कळवा, असंही त्या म्हणाल्या. साहेबांनी मान हलवली. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "वहिनी, एवढं कुणाला सांगू नका."

काकू तिळगुळाची वाटी उचलत बरं म्हणाल्या. पाणीवाला, सोनिवली, लाइटबिल, सगळं पूर्वीसारखंच सांगायच्या. हे मात्र त्यांनी कधी काढलं नाही. साहेब जिन्यात काकू दिसल्या की मान फिरवून जायचे, आणि मला त्यांचा फार राग यायचा.

दिवाळीनंतर काकू झोपेतच गेल्या. स्मशानातून आल्यावर काकांनी पेपर उचलला आणि उलटा धरून बसले.

संक्रांतीला हळदीकुंकू कोण करणार, असं आम्ही एकमेकींना विचारत होतो, तेवढ्यात मिसेसचं बोलावणं आलं. आम्ही गेलो. नियमाप्रमाणे एकेक जण सांगत होती, पण रंग भरत नव्हता. हळदीकुंकवाच्या दिवशी घरातले पुरुष खाली कट्ट्यावर जातात. साहेब गेले नव्हते. बेडरूमचं दार उघडून ते बाहेर आले.

"मी या खोलीत अटकेत होतो," ते म्हणाले. "मला कुणीही अटक केली नव्हती."

मग त्यांनी पहिल्या फोनपासून सगळं सांगितलं. बाथरूमला जायलासुद्धा ते त्या चोराची परवानगी मागत होते, हेही सांगितलं. सोसायटीतल्या एवढ्या बायकांसमोर, आवाज न चढवता. कुणी हसलं नाही.

सांगून झाल्यावर ते आमच्यातच सतरंजीवर बसले. ओळीने कुंकू लावत येणारी त्यांची सून त्यांच्यापर्यंत आली आणि थांबली. साहेबांनी चष्मा काढला आणि कपाळ पुढे केलं.